जिभेवरचा पहारेकरी



काकडी चिरावयास घेतली की घरची गृहिणी प्रथम तिचे देठाकडील टोक कापते, तो तुकडा काकडीवर घासून पांढरा फेस काढते आणि मग एक पातळ चकती जिभेवर ठेवून पाहते. चकती गोड लागली तर काकडी ताटात येते. कडू लागली तर उकिरड्यावर जाते. जिभेने दिलेल्या या निवाड्यावर घरात कोणी वाद घालीत नाही.

पण त्याच घरी कोणी सांगून जातो की, दुधीभोपळ्याचा रस रोज सकाळी घेतल्यास मधुमेह आटोक्यात राहतो. मग एखाद्या दिवशी तो रस कडूजहर लागला तरी घरातील वडील माणूस डोळे मिटून पेला घशाखाली लोटतो, आणि शेजारी उभे असलेले त्यास धीर देतात की, औषध म्हटले म्हणजे ते कडू असावयाचेच! जी जीभ काकडीच्या बाबतीत न्यायाधीश, तीच दुधीच्या बाबतीत अडाणी ठरते. यात कोठे तरी विसंगती आहे खास.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्याल्यामुळे मृत्यू झाला. शिकलेला, विचारी मनुष्य. पण त्याच्या जिभेने दिलेला इशारा ‘कडू ते गुणकारी’ या समजुतीपुढे फिका पडला. म्हणून आज आपण हे पाहू की, कडू चव म्हणजे नेमके काय, जीभ ती कशी ओळखते, मेंदूस कशी कळविते, आणि तिचे म्हणणे केव्हा व कितपत ऐकावे.

कडू निराळे, तिखट निराळे

प्रथम शब्दांचा गुंता सोडवू. आपल्या जुन्या वैद्यकात सहा रस सांगितले आहेत : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. यातील ‘कटु’ म्हणजे मिरी, सुंठ यांचा झणझणीतपणा, आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुलिंबाचा कडूपणा. आपला मराठी ‘कडू’ हा शब्द त्या ‘कटु’पासूनच आला, पण वाटेत त्याने आपले घर बदलले आणि तो तिक्त रसाचे नाव होऊन बसला.

आजचे शास्त्र गोड, आंबट, खारट व कडू या चार चवी मानते आणि पाचवी ‘उमामी’ नावाची, म्हणजे मटणाच्या सुरव्यात किंवा सुक्या मासळीत लागते ती, त्यांच्या जोडीस ठेवते. तिखट ही या अर्थाने चवच नव्हे. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेली जी मिरची आज आपल्या स्वयंपाकघराची राणी झाली आहे, ती जिभेवरील उष्णतेची व वेदनेची जाणीव करून देणाऱ्या तंतूंस डिवचते. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने १९९७ साली हे ज्या प्रथिनामुळे घडते ते शोधून काढले, आणि पुढे २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा एक वाटा त्यांस मिळाला. म्हणून मिरचीने डोळेही चुरचुरतात आणि हातही. कडूपणाची मात्र डोळ्यास किंवा तळहातास काही वार्ता नसते. त्याच्यासाठी तोंडात खास नेमलेले पहारेकरी आहेत.

पहाऱ्याची चौकी

आरशात पाहून जीभ बाहेर काढा. तिच्यावर जे बारीक दाणे दिसतात, ते म्हणजे चवीचे अवयव असे आपण समजतो. पण ते केवळ उंचवटे होत. त्यांपैकी काही उंचवट्यांच्या अंगावर अथवा खोबणीत, डोळ्यास न दिसणाऱ्या, कांद्याच्या आकाराच्या कळ्या दडलेल्या असतात. त्यांस रुचिकलिका म्हणतात. १८६७ साली जर्मनीचे श्वाल्बे आणि स्वीडनचे लोव्हेन या दोघांनी, एकमेकांस नकळत, त्यांचे वर्णन केले. अशा काही हजार कलिका आपल्या तोंडात असतात. बहुतेक जिभेवर, काही टाळूच्या मागील मऊ भागावर आणि घशाच्या तोंडाशी. प्रत्येक कलिकेत ५० ते १०० पेशी पाकळ्यांप्रमाणे एकमेकींस बिलगून उभ्या असतात, आणि त्यांची टोके एका सूक्ष्म छिद्रातून तोंडातील लाळेस लागतात. अन्नाचा अंश लाळेत विरघळून त्या छिद्राशी आला म्हणजेच चव लागते. कोरड्या जिभेवर ठेवलेली कोरडी साखर क्षणभर बेचव वाटते, ती याच कारणाने.

या पेशी फार दिवस टिकत नाहीत. साधारणतः दहा दिवसांच्या सुमारास जुनी पेशी झडते व नवी तिची जागा घेते. गरम चहाने जीभ पोळली तरी काही दिवसांनी चव पुन्हा पूर्ववत लागू लागते, ती या नित्य भरतीमुळे.

येथे एक जुना गैरसमज दूर करावयास हवा. शाळेच्या पुस्तकात जिभेचे एक चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल : टोकाशी गोड, कडांस खारट व आंबट, आणि मागे कडू. हे चित्र चुकीचे आहे. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या तीक्ष्णतेत जो थोडासा फरक मोजला, त्याचे पुढील लेखकांनी सीमारेषा आखून नकाशात रूपांतर केले. वास्तविक ज्या ज्या भागात रुचिकलिका आहेत, त्या त्या भागास सर्व चवी कळतात. मागील भाग कडूच्या बाबतीत काहीसा अधिक हळवा असतो एवढेच. कडू घास घशात उतरण्यापूर्वीची ती शेवटची चौकी म्हणावी.

पंचवीस कुलपे

आता मुख्य गोष्टीकडे वळू. रुचिकलिकेतील सर्व पेशी एकच काम करीत नाहीत. काही पेशी गोड ओळखतात, काही आंबट, तर काहींनी केवळ कडू ओळखण्याचे व्रत घेतले आहे. या कडू-पेशीच्या टोकावर, तिच्या आवरणात गुंफलेली, विशिष्ट प्रथिने असतात. त्यांस ग्राही म्हणतात. ग्राही हे कुलूप आणि लाळेत विरघळलेले कडू द्रव्य ही किल्ली, असे समजावे. किल्ली खाचेत बसली की कुलूप हलते.

२००० साली अमेरिकेत चार्ल्स झुकर व निकोलस रायबा यांच्या आणि लिंडा बक यांच्या प्रयोगशाळांनी या कडू-ग्राहींच्या घराण्याचा शोध लावला. माणसाजवळ असे सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत. गोडासाठी मात्र मुख्यतः एकच जोडी पुरते. हा फरक का असावा? याचे उत्तर वनस्पतींच्या जीवनात आहे. झाडास पळता येत नाही, ओरडता येत नाही. गुरे, किडे, उंदीर त्याचे पान व बी खाऊन टाकणार. म्हणून पुष्कळ वनस्पती आपल्या अंगात विषारी अथवा अरुचिकर द्रव्ये साठवितात. अन्नाचे गोड एक, पण विषांची रूपे हजार. त्यामुळे पहारेकऱ्याजवळ अनेक कुलपे असणे भाग पडले. त्यातही काही ग्राही एकाच नव्हे, तर अनेक निरनिराळ्या द्रव्यांस दाद देतात. म्हणूनच २५ कुलपांवर शेकडो विषांचा बंदोबस्त होतो.

कोकणच्या रानात काजऱ्याचे झाड पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच्या बीस कुचला म्हणतात, आणि तीत स्ट्रिकनीन नावाचे भयंकर विष असते. हे विष अतिशय कडू आहे, आणि ते ओळखणारा ग्राही कोणता हे आज ठाऊक आहे. २०२२ साली त्या ग्राहीच्या खाचेत स्ट्रिकनीनचा कण कसा बसतो, याचे अणूअणूंपर्यंतचे चित्रही शास्त्रज्ञांनी मिळविले.

आणखी एक मौज पाहा. एका कडू-पेशीवर या २५ पैकी अनेक प्रकारचे ग्राही एकत्र असतात. कोणतेही कुलूप हलले तरी पेशी एकच निरोप धाडते : ‘कडू!’ त्यामुळे क्विनीन, कारले आणि कडुलिंब यांचा केवळ कडूपणा एकमेकांहून वेगळा काढणे जिभेस अवघड जाते. फरक कळतो तो बहुधा वासामुळे. पहारेकऱ्याने चोराचे नाव-गाव विचारीत बसू नये, आरोळी ठोकावी, अशीच ही व्यवस्था आहे. शिवाय त्याचे कान फार तिखट आहेत. पाण्यातील साखर कळावयास जेवढी साखर लागते, तिच्या शेकडो पटींनी कमी क्विनीन असले तरी ते कळते.

निरोप कसा पोहोचतो

चर्चच्या घंटेचा दोर ओढणारा मनोऱ्यात चढत नाही. तो खालीच उभा राहतो. दोर हलतो, वर घंटा हलते, आणि नाद मात्र दूरच्या शेतापर्यंत जातो. कडू द्रव्यही पेशीत शिरावे लागत नाही. ते बाहेरच ग्राहीस चिकटते, आणि पुढील सर्व खटाटोप आत चालतो.

ग्राही किंचित वळला की त्याच्या आतील अंगास टेकलेले एक प्रथिन सुटे होते. त्याचे नाव गस्टड्यूसिन. रॉबर्ट मार्गोलस्की यांनी १९९२ साली ते शोधले. ते सुटे होताच त्याच्या जोडीदारांकरवी एका पाचक द्रव्यास चालना मिळते. हे पाचक द्रव्य पेशीच्या आवरणातील एका स्निग्ध पदार्थाचे तुकडे करते, आणि त्यांपैकी एक तुकडा निरोप्या होऊन पेशीच्या आत धावतो. पेशीत कॅल्शियमची कोठारे असतात. हा निरोप्या त्यांची दारे उघडतो. कॅल्शियम पेशीत पसरले की आवरणातील आणखी एक दार उघडते व बाहेरचे सोडियम आत लोटते. मीठ ज्या सोडियमचे बनले आहे तेच हे. सोडियमच्या कणांवर विजेचा भार असतो. त्यामुळे पेशीच्या विद्युत्-स्थितीत एकदम बदल होतो, आणि तिच्या भिंतीतील मोठी छिद्रे उघडून आतून एटीपी नावाचे द्रव्य बाहेर पडते.

एटीपी म्हणजे प्रत्येक पेशीची शिदोरी. स्नायू हलविण्यास व देह उबदार ठेवण्यास तीच खर्ची पडते. येथे मात्र पेशी तिचा उपयोग पत्रासारखा करते. शेजारीच मज्जातंतूचे टोक वाट पाहत असते. ते हे पत्र घेते आणि पुढे पाठविते. ज्या उंदरांच्या मज्जातंतूंस एटीपी ओळखता येत नाही, त्यांस चवींचा बोध होत नाही, असे २००५ साली दिसून आले. तेथून जिभेच्या पुढील व मागील भागांतील निरनिराळ्या तंतूंवाटे निरोप मेंदूच्या बुडाशी जातो, आणि मग वरच्या भागात पोहोचून ‘कडू’ अशी जाणीव होते. पुढच्या भागाचा तंतू कानाच्या मधल्या पोकळीतून जातो. म्हणून कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींची चव काही काळ बिघडते. एवढे सारे लिहावयास मला इतक्या ओळी लागल्या. जिभेस मात्र एका सेकंदाचा अंशही पुरतो. तोंड वाकडे होते, लाळ सुटते, आणि घास बाहेर टाकला जातो.

मग कडूपणा त्या द्रव्यात असतो की आपल्यात? झुकर, रायबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली याचा सुंदर उलगडा केला. त्यांनी माणसाचा एक कडू-ग्राही उंदरांच्या गोड-पेशींत बसविला. त्या ग्राहीस हलविणारे कडू द्रव्य पाण्यात मिसळून पुढे ठेवले, तेव्हा ते उंदीर आवडीने पिऊ लागले. तोच ग्राही कडू-पेशींत बसविला, तर उंदीर त्या पाण्यापासून दूर राहिले. द्रव्य तेच, कुलूप तेच. पण कोणत्या पेशीची घंटा वाजली यावर सारे ठरले. तेव्हा कडूपणा हा वस्तूचा गुण नव्हे, तर आपल्या देहाने तिच्याविषयी दिलेला अभिप्राय आहे.

हा अभिप्राय कोणी शिकवावा लागत नाही. १९७० नंतरच्या दशकात यरुशलेम येथील याकोब स्टायनर यांनी नवजात अर्भकांच्या जिभेवर निरनिराळ्या चवींचे थेंब ठेवून पाहिले. गोडाने त्यांची मुद्रा शांत होई; कडू थेंबाने ती तोंड वासून जीभ बाहेर ढकलीत. ज्याने अजून जग पाहिले नाही, त्यासही कडूचा तिटकारा उपजतच असतो.

सर्वांची जीभ सारखी नसते

१९३१ साली अमेरिकेत दुपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ एक भुकटी बाटलीत भरीत होते. तिचे कण हवेत उडाले. जवळच्या सहकाऱ्याने तक्रार केली की, तोंड कडू झाले. फॉक्स यांस तर काहीच लागले नाही. दोघांनी ती भुकटी चाखून पाहिली. एकास अत्यंत कडू, दुसऱ्यास खडूसारखी बेचव! पुढे अनेकांवर प्रयोग झाले आणि हा भेद घराण्यातून उतरतो असे ठरले. ज्या जनुकामुळे तो पडतो ते २००३ साली सापडले. ते वर सांगितलेल्या २५ ग्राहींपैकीच एकाचे निघाले. हाच ग्राही कोबी व मोहरीच्या कुळातील काही द्रव्यांचा कडूपणाही टिपतो.

यातून घरात एक बोध घेण्यासारखा आहे. एका ताटावर बसलेल्या दोन भावंडांपैकी एकास भाजी कडू लागते, दुसऱ्यास लागत नाही; तेव्हा पहिला खोटे बोलतो असे समजून त्यास रागावू नये. बहुधा दोघेही खरेच बोलत असतात. लहान मुलांस कडूपणा मोठ्यांहून पुष्कळदा अधिक जाणवतो, आणि उतारवयात चवीची तीक्ष्णता मंदावते. आजोबांस जे ‘जरासे कडवट’ लागते, ते नातवास असह्य होऊ शकते.

प्राण्यांत तर हा भेद आणखी मोठा. उंदराजवळ सुमारे ३५ कडू-ग्राही आहेत. कोंबडीजवळ अवघे ३. मिरचीचा दाहही पक्ष्यांस होत नाही. तेव्हा एखादे रानफळ पाखराने खाल्ले म्हणजे ते माणसासही निर्धोक, हा तर्क धोक्याचा आहे.

अलीकडे असेही कळून आले की, हे पहारेकरी केवळ जिभेवर नाहीत. २०१० साली श्वासनलिकांच्या स्नायूंत कडू-ग्राही सापडले. २०१२ साली असे दिसले की, नाकाच्या अस्तरात असलेला एक कडू-ग्राही काही जंतूंनी सोडलेले द्रव्य ओळखून त्यांच्या नाशाची तयारी करतो. मात्र यावरून कडू पदार्थ खाल्ल्याने दमा किंवा सर्दी बरी होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेथील पहारा तेथल्यापुरताच असतो.

पहारेकऱ्याची मर्यादा

इतका जागरूक असूनही हा पहारेकरी सर्वज्ञ नाही. तो दोन प्रकारे चुकतो.

पहिला प्रकार असा की, तो निरुपद्रवी अथवा उपयोगी पदार्थासही अडवितो. मेथी, कारले, कॉफी ही रोजची उदाहरणे झाली. औषधातील थोर उदाहरण सिंकोना झाडाच्या सालीचे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात येशूसंघीय धर्मगुरूंनी तिचा हिवतापावरील उपयोग ओळखला, आणि सतराव्या शतकात ती साल युरोपात आली. रोम येथे कार्डिनल हुआन दे लुगो यांनी ती गोरगरीब रोग्यांस देवविली. लोक तिला ‘जेझुइटांची साल’ म्हणू लागले. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेत्ये व काव्हांतू यांनी तिच्यातून क्विनीन वेगळे काढले, आणि १८६० नंतर निलगिरीच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हिवतापात जे क्विनीन तोंड वाकडे करून घेतले, त्याने असंख्य जीव वाचविले. ‘कडू ते औषध’ ही समजूत अशा अनुभवांतून दृढ झाली असल्यास नवल नाही. पण हे विसरू नये की, क्विनीनही मोजूनच द्यावे लागते. त्याची मात्रा वाढली तर कानात आवाज येतात, दृष्टीस व हृदयास अपाय होतो. जिभेचा इशारा तेथेही अगदीच खोटा नव्हता.

दुसरा प्रकार अधिक भयंकर. सर्वच विषे कडू नसतात. सोमल जिभेस कळत नाही; शिसे कळत नाही; विषारी दारूने माणसे मरतात व आंधळी होतात ती ज्या मिथेनॉलने, ते चवीवरून नेहमीच्या मद्यापासून ओळखता येत नाही. पहारेकरी गप्प राहिला म्हणून शेतातील फवारणीच्या औषधाचा डबा पुन्हा घरात वापरावयाचा नसतो. याच कारणाने माणसाने मुद्दाम कडूपणा निर्माण केला. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये डेनाटोनियम नावाचे द्रव्य तयार झाले. ते ज्ञात द्रव्यांत सर्वांत कडू मानले जाते. अनेक देशांत ते स्पिरिटमध्ये व घरगुती रसायनांत किंचित मिसळतात, ते मुलांनी चुकून तोंडास लावले तर थुंकून टाकावे म्हणून. याच्या उलट आपण मुलांची औषधे साखरेने गोड करतो. ते गरजेचे आहे. पण गोड केलेल्या औषधाच्या बाटलीवरचा पहारा आपण स्वतः उठविलेला असतो. म्हणून ती बाटली उंच फळीवर, कुलपात ठेवण्याचे काम मग आपले होते. मुलास ‘हा खाऊ आहे’ असे सांगून औषध देऊ नये.

दुधीचा इशारा

आता दिल्लीच्या त्या दुर्दैवी घटनेकडे वळू. काकडी, दुधी, भोपळा, दोडका ही सर्व एका कुळातील. या कुळाच्या वेलींत कुकुर्बिटासिन नावाची कडू व विषारी द्रव्ये असतात. माणसाने पिढ्यानपिढ्या गोड फळांचे बी राखून ती द्रव्ये फळातून जवळजवळ घालविली आहेत. परंतु रानटी किंवा कडू जातीच्या वेलीचा पराग आपल्या वेलीवर आला आणि त्या फळाचे बी पुढल्या वर्षी लावले, तर कडू फळे येऊ शकतात. पाण्याचा ताण व कडक ऊन यांनीही कडूपणा वाढतो. दिसावयास दुधी तसाच गुळगुळीत व हिरवा. भेद सांगते ती फक्त जीभ.

अशा फळाचा रस पोटात गेला तर थोड्याच वेळात पोटात कळा, वांत्या व जुलाब सुरू होतात. काहींस रक्ताची वांती होते आणि रक्तदाब एकाएकी घसरतो. या विषावर खास उतारा नाही. रुग्णालयात सलाईन वगैरे देऊन रोग्यास सावरावे लागते. शिजविल्यानेही भरवसा नाही. २०१५ साली जर्मनीत घरच्या बागेतील कडू झुकिनीची भाजी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. झुकिनी हाही भोपळ्याचाच प्रकार.

दिल्लीतील मृत्यूनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला प्रत्येक घरात ठाऊक असावा असा आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा. कडू रस कोणत्याही कारणास्तव पिऊ नये. दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. आणि प्याल्यावर मळमळ, वांती, पोटदुखी अथवा अस्वस्थता वाटल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.

दुसरा रस मिसळू नये असे का, हे आता आपल्या ध्यानी येईल. आवळा, आले, मीठ, गूळ घातले की कडूपणा दबतो. मिठातील सोडियम कडू चव दाबते, हे १९९७ साली प्रयोगाने दाखविले गेले. आपल्या गृहिणी कारल्यास मीठ चोळून पिळतात व भाजीत गूळ घालतात, त्यातही हाच गुण आहे. पण चव दबली म्हणजे विष गेले असे नव्हे. पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला म्हणून चोर परत जात नाही.

‘मग कारल्याचे काय?’ असे कोणी विचारील. कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव आहे. आपल्या लोकांनी तो पिढ्यानपिढ्या, भाजीच्या बेताच्या प्रमाणात, पारखून घेतला आहे. दुधीचा अथवा काकडीचा कडूपणा हा बिघाड आहे. जो पदार्थ गोड असावयास हवा तो कडू लागला, तर जीभ काही नवी बातमी सांगत आहे असे समजावे. तथापि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कारल्याचा रसही वैद्यकीय सल्ल्याशिवाय सुरू करू नये. त्याने साखर अधिक उतरू शकते.

तेव्हा वाचकहो, घरातल्या मंडळींनी एवढे करावे. परसातील दुधी-काकडीचे बी राखताना ज्या वेलीची फळे गोड निघाली तिचेच राखावे, आणि कडू फळ देणारा वेल उपटून टाकावा. चिरताना देठाकडील तुकडा चाखावा व लगेच थुंकावा. घरात वयस्कर माणूस स्वयंपाक करीत असेल, तर दुसऱ्या एखाद्या तरुण जिभेचीही साक्ष घ्यावी. मूल एखादा घास ‘कडू आहे’ म्हणून थुंकले, तर धपाटा घालण्याआधी आपण स्वतः तो चाखून पाहावा. भाजी नेहमीची मेथी निघाली तर त्यास दोन घास प्रेमाने खावयास शिकवावे. पण काकडी खरोखरच कडू निघाली, तर त्या लेकरास शाबासकी द्यावी.